मेढीवरचं लहान कणीस

खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाला मेढ म्हणतात. मळणीचे बैल तिच्याभोवती फिरतात. शिंदखेडा तालुक्यातल्या आमळखेडे गावात मळणी सुरू करण्याआधी मेढीच्या टोकाला कणसांची जुडी बांधायची रीत होती, आणि त्या जुडीत खळ्यावरची सर्वांत मोठी कणसं जायची. तशीच आणखी कणसं टोपल्यांत वेगळी काढली जायची. मळणी उरकली की सगळी घरात आढ्याला टांगायची. पुढच्या पेरणीचं बी त्यातून निघायचं.

कणसं निवडायचं काम घरातल्या कर्त्या बाईचं. झुलाल पाटलाच्या घरात ते सासूकडून झुंबरबाईकडे आलं. ती तापीकाठची लेक, उंच, खणखणीत आवाजाची. कणीस हातात घेऊन अंगठा फिरवला की दाणा किती भरला आहे ते तिला कळायचं, आणि ते सांगायला ती कचरायची नाही. "मना हातनं बी फसस नही," असं ती चारचौघांत म्हणायची. लोकांनाही तसंच वाटे. हळूहळू बऱ्याच घरांनी आपापली निवड सोडून दिली आणि पेरणीच्या आधी धान्याच्या बदल्यात झुंबरबाईकडून बी न्यायला सुरुवात केली. नाल्याकाठच्या मोठ्या काळ्या रानाचा मालक धनसिंगही तिच्याकडूनच नेई. गावात झुंबरबाईचा मान होता तो एवढ्यासाठीच, आणि तिला दुसरा कुठला नकोही होता.

या भागात रब्बीची ज्वारी दादर म्हणून ओळखली जाते. पावसाळ्याच्या शेवटी तिची पेरणी होते. त्यानंतर ती आभाळाकडे बघत नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते, आणि थंडी सरता सरता कापणीला येते. नाल्याकाठच्या खोल काळ्या जमिनीत ही ओल पुरते. वरच्या बरड जमिनीत मुरूम हातभर खाली लागतो, तिथे दाणा भरायच्या सुमारास ओल संपते. हस्ताचा पाऊस चांगला झाला तर बरडावरचंही पीक निभावतं.

१९३१ साली आमळखेड्याच्या शिवारात हस्त कोरडा गेला. पौषात दाणा दुधात असताना बरडावरच्या दादरीची पानं खालून वाळत वर गेली, आणि मग ताटंच आडवी पडू लागली. ज्यांची जमीन बरडावर होती त्यांच्या पदरात जेमतेम कडबा पडला. सगळ्यांचं बी झुंबरबाईच्या घरचं होतं.

चावडीसमोर धनसिंगने तिला गाठलं. तिच्याहून वयाने मोठा, मिशीला पीळ देऊन बोलणारा माणूस.

"काय व झुलालनी, तुना हातले काय व्हयनं? बठ्ठी दादर झोपी गयी!"

"मना हातले काही नही व्हयनं, आबा. तुमनी नालावरनी दादर उभी शे ना? ती कोना हातनी शे?"

"नालावर? अवं, नालावर धोंडा पेरा तरी उगी!"

बसलेली माणसं हसली. धनसिंग पुढे म्हणाला, "पुढला साले मी दोंडाईचाथीन बी लई येसू. व्यापारीना हात तरी देखू."

त्याच्यापाठोपाठ आणखी चार घरांनी तेच ठरवलं. झुंबरबाई घरी आली. धनसिंगचं हसणं तिला फारसं लागलं नव्हतं. धोंड्याची गोष्ट मात्र डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी पडलेली ताटं गुरांसाठी गोळा करायला ती आपल्या वरच्या वावरात गेली. तिथे तिने एक गोष्ट पाहिली. पडलेल्या ताटांच्या ओळीत मधूनच एखादं ताट उभं होतं. शेजारचं वाळून जमिनीवर, आणि हे त्याच ओळीत, हाताच्या अंतरावर, वरची पानं हिरवी ठेवून ताठ. पेराजवळ पांढरी भुकटी होती, बोट फिरवलं तर बोटाला लागत होती. कणीस मोठं नव्हतं. पण दाणा टोकापर्यंत भरून टणक झाला होता.

तिच्या मनात पहिली शंका आली ती ओलीचीच. या ताटाखाली ओलीचा एखादा खिसा राहिला असेल. तिने खुरप्याने उभ्या ताटाच्या बुडाशी उकरलं, मग पडलेल्याच्या. खुरपं पुरेना तेव्हा कुदळ घेतली. गुडघाभर खड्डे झाले तेव्हा झुलाल बैल घेऊन आला.

"काय खंदी ऱ्हायनी? धन सापडनं का?"

"पाणी शोधी ऱ्हायनू."

"मंग, सापडनं?"

"नही. आठे नही, तठे भी नही."

"आठे नही, तठे नही, तर खंदस कसाले?"

"पाणी नही, तर हाई ताट कसावर उभं शे, तेच देखी ऱ्हायनू."

झुलाल खड्ड्यात उतरला. दोन्ही बाजूंची ढेकळं त्याने हातात चुरगाळली. दोन्ही सारखीच कोरडी होती. जमीन एक, ओल एक, पेरणी एका पाभरीची, एका दिवसाची. फरक राहिला तो ताटातच.

इथपर्यंत पोचल्यावर झुंबरबाईला आपली चूक दिसली, आणि ती तिने त्याच खड्ड्याच्या काठावर बसून नवऱ्याला सांगितली. कापणी नेहमी बरडापासून सुरू व्हायची, कारण तिथलं पीक आधी वाळतं. नाल्याकडचं मागून पिकतं, मागून कापलं जातं, आणि खळ्यावर सगळ्यांत शेवटी येतं. म्हणून ढिगाच्या वरच्या थरात कायम नाल्याकडचीच कणसं. ती निवडायला बसे तेव्हा तीच हाताशी येत, आणि मोठी असत म्हणून तीच मेढीवर जात. खळ्यावर आलेलं कणीस कुठून आलं, त्याचं ताट उभं होतं की पडलेलं, हे कणीस बघून कळत नाही. पाण्याने मोठं झालेलं कणीस आणि स्वतःच्या गुणाने भरलेलं कणीस, दोन्ही तिथे एकाच ढिगात पडतात.

"इतला साल मी कणीस निवडं नही," ती म्हणाली. "नाला निवडा."

 झुलालला काळजी दुसरीच होती. झुंबरबाईने उभ्या ताटांची कणसं वेगळी कापून ओच्यात घेतली तेव्हा त्याने विचारलं, "ह्या मेढवर बांधशी? लोक हासतीन."

"मेढवर मोठ्याच बांधसू. ह्या टोपलीमा ऱ्हातीन."

"मंग पेरशी कोठे? हिरीजवळना तुकडा देस तुले."

"हिरीजवळ नको. आठेच दे. आते जठे खंदं, तठेच."

"बी कोन्ही बरडवर पेरस का?"

"मी पेरस," झुंबरबाई म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

पुढचं वर्ष पावसाचं गेलं. हस्त इतका बरसला की बरडावरची दादरसुद्धा माणसाच्या डोक्यावर गेली. तिचा तुकडा आणि शेजारचं पीक यांत तीळभर फरक दिसेना, उलट तिची कणसं शेजारच्यांपेक्षा लहान भरली. धनसिंगने दोंडाईच्याच्या बियाण्याची कणसं मुद्दाम तिच्या दारावरून नेली. त्यानंतरचं वर्ष पुन्हा कोरडं. या वेळी तिच्या तुकड्यातली निम्मी ताटं उभी राहिली आणि निम्मी पडली. आजूबाजूच्या रानात त्याहून कितीतरी जास्त पडली होती, पण गावाने ते मोजलं नाही. गावाला दिसलं ते एवढंच की झुंबरबाईने वेगळं काढलेलं बीही पडलं.

त्याच हिवाळ्यात शेतकी खात्यातला जीवराम आमळखेड्याला आला. पुण्याच्या कॉलेजात शिकलेला तरुण माणूस, धुळ्याहून फिरतीवर असे, सायकल बैलगाडीत टाकून आणायचा. त्याला दादरीचे नमुने हवे होते. झुलालने त्याला वरच्या वावरात नेलं. अर्धा पडलेला, अर्धा उभा तुकडा पाहून तो थांबला आणि हे कोणी पेरलं म्हणून विचारू लागला.

झुंबरबाईने सगळं सांगितलं, खड्ड्यासकट. जीवरामने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "निवडलेली कणसं सगळी एकत्र मळलीत?"

"एकत्रच. बी एकाच टोपलीमा ऱ्हास."

"तिथे पहिली अडचण झाली. उभं राहिलेलं प्रत्येक ताट गुणानेच उभं होतं असं नाही. एखाद्याचं मूळ भेगेतून खाली उतरलं असेल, ते नशिबाने वाचलं. त्याची पोरं वाचतीलच असं नाही. सगळं एकत्र केल्यावर नशिबाचं कोणतं आणि गुणाचं कोणतं, कसं कळणार?"

"आन दुसरी?"

"आई तुम्ही निवडलीत, बाई. बाप कोणी निवडला?"

 जीवरामने एक कणीस मोडून समजावलं. फुलोऱ्याच्या वेळी कणसावर बारीक पिवळी धूळ येते. ज्वारीचे बहुतेक दाणे त्याच कणसाच्या धुळीने धरतात, पण काहींवर शेजारच्या ताटाची धूळ वाऱ्याने येऊन पडते. त्या दाण्यात निम्मे गुण शेजाऱ्याचे.

"म्हंजे सोयरीक वारानी जुळाडी!"

"तसंच. प्रत्येक दाण्यात गुणांचे कण असतात. जीन म्हणतात त्यांना. डोळ्यांना दिसत नाहीत. निम्मे आईकडून येतात, निम्मे बापाकडून. ताट कोरड्यात उभं ठेवणारा एकच कण आहे असंही नाही. मुळं खोल नेणारे वेगळे असतील, ही पांढरी भुकटी आणणारे वेगळे, पान हिरवं ठेवणारे वेगळे. ते एका घराण्यात गोळा व्हायला वर्षं लागतात."

मग त्याने करायचं काय ते सांगितलं. एका कणसाचे दाणे एकाच ओळीत पेरायचे, दुसऱ्याचे दुसऱ्या ओळीत. ओळच्या ओळ पडली तर ते घराणं सोडून द्यायचं. ओळ उभी राहिली तर तिच्यातून पुढची कणसं घ्यायची. आणि कणीस पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या म्यानातून, बाहेर आलं की फुलायच्या आधीच त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधायची, म्हणजे बाहेरची धूळ आत जाणार नाही.

जाताना त्याने एक गोष्ट लपवली नाही. "हे ताट पाणी जपून खर्च करतं. ज्या वर्षी पाणी भरपूर, त्या वर्षी ते मागे पडेल. मोठ्या कणसाच्या वाणाइतकं पिकणार नाही."

"भरपूर पाणीना साले गवतभी पिकस, भाऊ. मले कोरडा साल सांगा."

"कोरड्या सालाचं पुस्तकात मी वाचलंय. दादरीवर अजून कोणी करून पाहिलेलं नाही," जीवराम म्हणाला. "तुम्ही केलंत तर मी दर हिवाळ्यात येईन." तो शब्द त्याने पाळला.

पिशव्या शिवायला झुंबरबाई दोंडाईच्याच्या बाजारात इसाक शिंप्याकडे गेली. त्याने कापड उलगडून पाहिलं.

"इतनी टोप्या? घर में कितने बच्चे हैं, अक्का?"

"पोरंना नही. कणीसना."

इसाकने मशीनवरून मान वर केली. "कणसाचं माप आणलं का? माप के बगैर मैं नहीं सीता."

पुढच्या बाजाराला ती कणीस घेऊन आली. इसाकने गंभीर चेहऱ्याने गळ्यातली टेप कणसाभोवती लावली, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनी पोट धरून हसून घेतलं. पिशव्या मात्र त्याने नेटक्या शिवल्या, तोंडाला नाडी घालून.

गावात त्या पिशव्यांचं नाव कुंची पडलं. "झुंबरना कणीसले थंडी वाजस," असं बायका पाणवठ्यावर म्हणत. पहिल्या वर्षी काही कुंच्यांत अळ्या पडल्या आणि आतलं कणीस वाया गेलं. ते तिने न लपवता सांगितलं, आणि दुसऱ्या वर्षापासून फुलोरा संपताच कुंच्या काढू लागली. ओळी वाढत गेल्या, गळतही गेल्या. पडलेली ओळ तिने कधी राखली नाही, मग कणीस कितीही सुरेख असो. झुलाल आता विचारत नसे. ओळीच्या टोकाला खुणेची काटकी रोवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं.

१९३६ साली उत्तरा आणि हस्त दोन्ही हुकले. ओल पेरणीपुरतीच होती. माघात शिवार पाहिलं तर नाल्याकाठ सोडून सगळीकडे दादर लोळलेली. दोंडाईच्याचं बियाणंही आडवं. झुलालच्या बरडावर झुंबरबाईच्या ओळी उभ्या होत्या. सगळ्या नाहीत, एखाददुसरी मोडली होती. बाकीच्या ताटांची वरची पानं अजून हिरवी होती आणि लहान कणसांत दाणा भरलेला होता. लोक बांधावर येऊन बघून जात. कोणी कुंचीचं नाव काढलं नाही.

त्या वर्षी तिने मेढीवर लहान कणसं बांधली. जीवराम खळ्यावर हजर होता. त्याने काही कणसं धुळ्याला नेण्यासाठी मागितली, तिने दिली.

मळणी चालू असताना धनसिंग आला. त्याचीही थोडी जमीन बरडावर होती, आणि तिथलं सगळं पीक गेलं होतं. मागे गड्याच्या डोक्यावर धान्याचं पोतं होतं, बदल्यात द्यायला. झुलालने घोंगडी अंथरली. धनसिंगने मेढीकडे पाहिलं, मग झुंबरबाईकडे.

"इतलं बारीक कणीस मेढवर मी जन्ममा देखं नही, अक्का."

"आते देखी ल्या, आबा."

"मले बी देशी?"

"बरडले देसू. नालाले देवाव नही."

"नालानी काय चोरी करी?"

"नालाले तुमनं मोठं कणीसच बरं. तठे पाणी शे, तठे हाई मागे पडी. मंग तुम्ही चावडीवर बसीसन म्हणशात, झुंबरनं बी खोटं."

धनसिंग मोठ्याने हसला. "म्हणसूच!"

"म्हणीसनच नालाले देस नही. आनखी एक. पुढला साले बी तुम्ही तुमना बरडमाथीनच निवडा. आन खळावर नही. उभा पीकमा."

"उभा पीकमा? मजूर लागेल ऱ्हातीन, तवय मी कणीस निवडत बसू?"

"मजूर बसतीन. कापेल कणीस मले काही सांगस नही, आबा. ताट उभं पाहिजे."

धनसिंगने मिशीवर हात फिरवला. घासाघीस करायची त्याची सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. पण त्याने पोतं उतरवायला सांगितलं.

पेरणीच्या सुमारास आणखी घरं आली. ज्याची जमीन बरडावर त्याला झुंबरबाईने दिलं. ज्याची नाल्याकाठी त्याला नाही म्हणून सांगितलं. त्यावरून दोन घरांशी बोलणंही बंद झालं. पण तिने कुणालाच मुरवत दाखवली नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत धनसिंगच्या बरडावर कापणी ठरली. हंगाम बरा नव्हता, वाईटही नव्हता. पीक बरंचसं उभं होतं. सकाळी मजूर विळे घेऊन आले आणि धनसिंगने त्यांना बांधावर बसवलं. ऊन वर आलं. मजुरांतल्या एकाने कशाची वाट पाहतोय म्हणून विचारलं.

"अक्का येवाले लागी ऱ्हायनी," धनसिंग म्हणाला. "ती आधी, इळा मांगे."

झुंबरबाई आली, पदर खोचला आणि ओळीत शिरली. धनसिंग मागोमाग. ती कणसाकडे आधी बघत नव्हती. वाकून ताटाच्या बुडाला बोटांनी दाबायची, मग पानं, मग पेराजवळची भुकटी, आणि शेवटी कणीस. ठीक वाटलं की मानेशी सुतळी बांधायची. धनसिंगने एका ठिकाणी तिला थांबवलं. एक भलं मोठं कणीस होतं, वाकलेलं, टपोऱ्या दाण्याचं.

"हाई देख! हाई मेढवर शोभी."

झुंबरबाईने वाकून ताट दाबलं. बूड मऊ लागलं, आत पोकळ. तिने ताटाला हलकेच ढकललं, तसं ते शेजारच्यावर रेललं.

"आनखी दोन दिवस ऱ्हातं तर झोपी जातं," ती म्हणाली, आणि पुढच्या ताटाकडे गेली.

धनसिंगने ते मोठं कणीस सोडलं. पुढच्या ओळीपासून तोही वाकून आधी बूड दाबू लागला. सुतळीची गुंडी संपली तेव्हा झुंबरबाई बांधावर आली, हात झटकले आणि मजुरांना म्हणाली, "उठा भो, सुतळी बांधेल पहिले कापा, आन येगळं ठेवा. मंग बाकीनं बठ्ठं."